वाघाची टाच

"टाच गावणा नाय माका," असं म्हणत वैनी मालवणच्या एसटी स्टँडवर, भर गर्दीत, दोन्ही हात जमिनीला टेकून ओणवी झाली. पदर कमरेला खोचलेला, चवडे टेकलेले, टाचा वर. कंडक्टर धावत आला. "वैनी, काय पडला काय?"

"टाच," ती म्हणाली.

मी तोंड फिरवून बसचं वेळापत्रक वाचू लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला.

आमचा उद्योग सांगते, म्हणजे उलगडा होईल. आम्ही दोघी शेजारणी अंगणवाड्यांच्या भिंती रंगवायचो. अक्षरं आणि आकडे माझे, जनावरं वैनीची. बनियन घातलेला वाघ, दप्तर घेतलेला बैल, छत्री धरलेला ससा. अशी चित्रं तुम्हीही पाहिली असतील आणि हसून पुढे गेला असाल. वैनीला पुढे जाताच यायचं नाही. "कपडे खुशाल घाल गो, पण आत हाड व्हया," म्हणायची आणि दिसेल त्या कुत्र्याचे, गाईचे पाय चाचपत फिरायची. कुत्र्याच्या मागच्या पायाला उलटा वाकलेला गुडघा दिसतो ना, तो गुडघा नव्हेच. "ती टाच! जनावर जल्मभर चवड्यार चालता!" हे तिला उमगलं त्या दिवशी चुलीवरची पेज करपली आणि घरच्यांनी बोंब मारली.

नवी भिंत समोर आली की ही आधी फतकल मारून खाली बसायची. "पोरां हयसून बघतली," म्हणत त्या बसल्या नजरेच्या उंचीवर सुतळी ताणायची आणि कोळशाने आडवी रेघ मारायची. लांबचं जनावर त्या रेघेकडे बारीक होत जायचं, जवळच्याचे पाय खाली जमिनीवर उतरायचे. सकाळी काढायचं, दुपारी फडक्याने पुसायचं. माझी बाराखडी वाळून खडखडीत झाली तरी हिचा एक पाय ठरायचा नाही.

"गवत काढ नि चल, वैनी," मी करवादायचे.

"गवतात पाय लपवतत ते चोर."

तिच्या जिवाला खरा घोर होता तो धामापूरच्या वाघाचा. ती तिची पहिली भिंत. त्या वाघाच्या मागच्या पायांना टाचच नव्हती आणि एक पाय चक्क हवेत लोंबत होता. बाजारात, बसमध्ये, जेवताना घास हातात धरून ती मध्येच म्हणायची, "तो अजून तसोच आसा गो." शेवटी पदरचा रंग घेऊन आम्ही गेलो. तर तिथल्या सेविकाबाई दारात आडव्या.

"हात लावू नको हां. आमचो लंगडो वाघ तो. पोरां रोज तेच्या पायाक तेल लावतत."

खरंच, त्या पायापाशी भिंत तेलाने काळी पडली होती. मला हसू आवरेना. वैनी मात्र अंगणात नुसत्या येरझारा घालत राहिली. मग आत आली आणि त्या हवेतल्या पायाखाली तिने एक तांबडा चिरा रंगवला, नीट कोपऱ्यांसकट. वाघ त्यावर पाय ठेवून उभा राहिला. पोरं खूश झाली.

"झाला मा समाधान?" परतीच्या बसमध्ये मी विचारलं.

"टेको दिलंय. पाय चुकीचोच आसा," ती म्हणाली आणि ओढ्यात डुंबणाऱ्या म्हशींकडे मान वळवून बघत राहिली.

यंदा भातकापणी चालू असताना तापाचं निमित्त झालं आणि वैनी गेली. मला अजून तिचा राग येतो. अर्धी भिंत टाकून कोणी जातं का?

ती भिंत ओरोसच्या अंगणवाडीतली. तिचा दप्तरवाला बैल कोळशाच्या रेघांत उभा होता. तीन पाय पक्के, चौथ्याच्या जागी पुसून पुसून पडलेला राखाडी डाग. तिथल्या मदतनीस बाई मायेनेच म्हणाल्या, "गवत काढा हो. पाय लपेल. कोणाला कळतंय?"

मला कळत होतं, तीच तर पंचाईत. मी ओढणी कमरेला बांधली आणि व्हरांड्यात ओणवी झाले. तळवे टेकले, चवडे टेकले, टाचा उचलल्या. पोटऱ्यांना रग लागली आणि गुडघा कुठे, टाच कुठे, ते माझं मलाच समजलं. रस्त्याने ऑफिसला निघालेले एक साहेब थबकले.

"काही हरवलंय का, बाई?"

"टाच," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

मग पाय काढला. जरा आखूडच झाला, पण बैल उभा राहिला. वैनीने तो नक्की पुसला असता. कोळसा हातात धरून मी कितीतरी वेळ भिंतीपुढे बसून होते, कोणी फडकं घेऊन येतंय का ते बघत.