मागे राहिलेले सेहेचाळीस अध्याय

नवीन वर्षाच्या उपासनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येक घराला एक छापील तक्ता मिळतो. रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच वाचले, की वर्षात बायबल पूर्ण होतं. वाचून झालं की चौकटीत खूण करायची. पालमला आमची मंडळी लहान, जेमतेम अकरा घरांची. बहुतेकांचे तक्ते मार्चपर्यंत भिंतीवर पिवळे पडतात. माझा कधी पडला नाही. मी शाळेत लिपिक आहे. रिकामी चौकट मला बघवत नाही.

बायकोला कादंबऱ्यांचं वेड होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी घरात नियम केला: आधी अध्याय, मग कादंबरी. त्या दिवसाचे अध्याय झाल्याशिवाय वाचनालयाच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. तिनं तो मानला, पण तिच्या पद्धतीनं. सकाळी भाकरी थापता थापता ती खुणा करून मोकळी व्हायची. मी विचारायचो, "आज काय वाचलंस, सांग बरं?"

"तुमी स्वर्गाच्या दारातबी हजेरीपट घेऊन उभे राहताल," ती म्हणायची. "अन् प्रभूनं लोकांना काय सांगितलं हो? गोष्टीच ना?"

पण नियम तसाच राहिला, बावीस वर्षं.

साखरेनं आधी तिची मूत्रपिंडं गेली, मग नजर. आठवड्यातून दोनदा आम्ही एसटीनं परभणीला डायलिसिसला जायचो. वाचणं बंद झालं तेव्हा ती एका कादंबरीत होती. दोन बहिणी, वीस वर्षं एकमेकींशी अबोला धरलेल्या. धाकटीनं शेवटी पत्र टाकलेलं असतं आणि थोरली गाडीत बसलेली असते. पान दोनशे बारावर तिनं एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं. पुस्तक एकूण दोनशे अठ्ठेचाळीस पानांचं.

"आता तुमीच वाचून दाखवा," ती म्हणाली. "त्या दोघी बोलल्या का न्हाई, तेवढं कळू द्या मला."

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. चौदा दिवस, त्यात दोन रविवार. घरी आलो तेव्हा तक्त्यावर सेहेचाळीस अध्याय मागे राहिले होते. मी हिशेब मांडला: रोजचे तीन आणि मागचे चार वाचले तर बारा दिवसांत बरोबरी होईल. मग कादंबरी.

मागे राहिलेल्यात जुन्या करारातल्या वंशावळ्या आल्या. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कोणी. दुपारी जेवण झाल्यावर मी तिच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून वाचायचो. सात अध्यायांना पाऊण तास लागायचा. ती अर्ध्या तासाच्या वर जागी राहत नसे.

एकदा मध्येच म्हणाली, "अहो, किती नावं हायेत ही! कोण हायेत ही माणसं? आपल्याकडं जेवायला येणारेत का?"

"पवित्र शास्त्र आहे ते."

"हाय की. मी कुठं न्हाई म्हणलं? पण ही माणसं वाट बघतील. गाडीतली बाई लय दिवसापासून तशीच बसून हाय. दोन पानं तरी वाचा ना."

"आठ दिवस राहिलेत फक्त," मी म्हणालो.

ती हसली. हात चाचपत माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मी उरलेला अध्याय झोपलेल्या बाईला पूर्ण वाचून दाखवला. खूणही केली.

बाराव्या दिवशी, बुधवारी, बरोबरी झाली. मी तिला सांगितलं. "मग उद्या परभणीहून आलो की लगेच," ती म्हणाली. गुरुवारी दवाखान्यात, मशीन चालू असतानाच ती गेली.

तिला जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या प्रार्थनेला मंडळीचे पाळकसाहेब घरी आले. मी त्यांना तक्ता दाखवला आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "भाऊ, लोकांनी पुस्तक उघडावं म्हणून आम्ही हे छापतो. आजारी माणसाजवळ त्या वंशावळ्या मी स्वतः कधी वाचत नाही." ते मला दोष देत नव्हते. दिला असता तर बरं झालं असतं.

वाचनालयातून पुस्तकाची विचारणा आली होती. परत करण्याआधी, एका दुपारी जेवण झाल्यावर, मी खुर्ची त्याच जागी ओढली आणि तिकिटाच्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागलो. छत्तीस पानं राहिली आहेत, दीड तास तरी लागेल, असं माझ्या मनात होतं. इतके दिवस तोच आकडा धरून, तेवढा वेळ ती जागी राहिलीच नसती, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

पान दोनशे सोळावर थोरली गाडीतून उतरते. धाकटी फाटकाशी उभी असते. थोरली म्हणते, किती वाळलीस गं.

मी घड्याळ बघितलं. आठ मिनिटं झाली होती.

तिला आता सगळं कळलं असेल, असं मंडळीतले लोक म्हणतात. माझाही तसा विश्वास आहे. पण तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.