अंबरनाथ-२ येत आहे

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे. ज्याचं रीडिंग दोनदा सारखं येत नाही, त्यावर मी सही करत नाही. आमच्या लॅबमधली एक मुलगी अमावस्येला नवीन बाटलीचं सील तोडायचं नाही म्हणाली होती, तिला सगळ्यांसमोर झापलंय मी. तेव्हा हे वाचून कुणी मला उतारे-बितारे सुचवू नयेत. विनंती नाही, सांगून ठेवतेय.

आम्ही बदलापूरला राहतो, कुळगावात, दुसऱ्या मजल्यावर. मी, आई आणि माझा धाकटा भाऊ पराग. मी लग्न केलं नाही, त्याचं जमलं नाही... पण तिघांचं बरं चाललं होतं. परागचं उल्हासनगर कॅम्प एकमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, जगदीश नावाच्या सिंधी मित्राबरोबर. रविवारी दुकान उशिरा उघडायचं, त्यामुळे सकाळ सगळी गेमची. चाळिशीला आलेला घोडा, पण पोलीस-पोलीस खेळायचा.

गेम असा, की तुम्ही कुठल्यातरी परदेशी शहरातले पोलीस. गाडी घेऊन फिरायचं. अपघात झाला, दरोडा पडला की जायचं, आणि एकट्याने निभत नसेल तर मदत मागवायची. पोलिसांची दुसरी गाडी, आगीचा बंब, रुग्णवाहिका. ही मदतीची सोय मूळ गेममध्ये नव्हती, लोकांनी बाहेरून जोडलेली भर होती. मॉड म्हणतात त्याला. परागचा सगळा जीव त्या मॉडमध्ये. कुठली गाडी कुठून निघेल, किती वेगाने येईल, सगळं तो एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. नावंही त्याचीच. पोलीस गाड्या दोन, कॅम्प-१ आणि कॅम्प-२. बंब अंबरनाथ-१. रुग्णवाहिका कुळगाव-१. परक्या देशातल्या हायवेवर 'कुळगाव-१ येत आहे' अशी मराठीत ओळ यायची आणि हा एकटाच खिदळत बसायचा.

गेममधल्या गाड्यांच्या सायरनचा आईला भारी वैताग. स्वयंपाकघरातून ओरडायची, "पराग, बंद कर तो भोंगा!"

एकदा त्याने एका अपघातावर दोन गाड्या मागवलेल्या बघितल्या मी. म्हटलं, "एक पुरे की. दुसरीला कशाला उगाच हेलपाटा?"

"तायडे, जी आधी हो म्हणते ती आधी पोचतेच असं नाही," तो म्हणाला. "पहिली दारात उभी राहिल्याशिवाय दुसरी रद्द करायची नाही."

"गेममध्येसुद्धा अक्कल शिकव मला," असं म्हणून मी उठून गेले.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. रविवारच होता. परागने पोहे खाल्ले आणि छातीवर दाबल्यासारखं होतंय म्हणाला. घामाने शर्ट भिजलेला. मी दोन रुग्णवाहिकांना फोन लावले, एक बदलापूरची, एक अंबरनाथची. आमच्याकडे बरेच जण असंच करतात, कुठून आधी येईल भरवसा नसतो. थोड्या वेळाने बदलापूरवाल्याचा फोन आला, "मॅडम, पाच मिनिटांत पोचतोच."

मग मी गॅलरीत जाऊन अंबरनाथच्या गाडीला फोन केला. "दुसरी मिळाली हो, तुम्ही नका येऊ. सॉरी हं, उगाच हेलपाटा पडला तुम्हाला." सॉरीसुद्धा म्हणाले मी! घरी आलेल्याला चहा न देता पाठवताना म्हणतात तसं.

बदलापूरची गाडी स्टेशनजवळच्या पुलावर अडकली. पस्तीस मिनिटं. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." पराग गेला.

त्या फोनचं मी कुणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच नाही. तिला दोनच मुलं, त्यातला एक माझ्या भिडस्तपणाने गेला, हे कुठल्या तोंडाने सांगणार? रडलेही नाही. चौदाव्या दिवशी कामावर गेले. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला नसतो, तशी मी आख्खीच झाले होते. लोक म्हणायचे, वैशाली खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची.

दोन-तीन महिन्यांनी जगदीश आला. परागच्या खोलीत उभा राहून डोळे पुसले, मग म्हणाला, "दीदी, मशीन बंद मत रखो. दमट हवा आहे, बोर्ड जाईल. हप्त्यातून एक बार चालू करायचं." म्हणून दर रविवारी सकाळी मी परागचा कॉम्प्युटर चालू करायला लागले. गेम उघडायचा, पोलीस गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि बघत बसायचं. खेळता कुठे येत होतं!

पहिल्याच रविवारी चुकून सायरनचं बटण दाबलं गेलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "पराग, बंद कर तो भोंगा!"

नंतर दर रविवारी मी एकदा सायरन वाजवायचे आणि आई ओरडायची. दोघींनाही कळत होतं काय चाललंय. एरवी त्याचं नाव घरात निघत नव्हतं.

पाचव्या का सहाव्या रविवारी मदतीची यादी उघडली, तर खाली एक ओळ जास्त. 'अंबरनाथ-२. रुग्णवाहिका. येत आहे.' मी काही मागवलं नव्हतं. वाटलं, हात लागला असेल. इतर प्रत्येक ओळीपुढे 'रद्द करा' असं बटण असतं. या ओळीपुढे ते नव्हतंच. नकाशावर लांब कोपऱ्यात एक निळा ठिपका होता. पुढच्या रविवारीही ओळ होती, ठिपका थोडा अलीकडे. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अलीकडे.

जगदीशला बोलावलं. त्याने फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. "दीदी, इधर चारच गाड्या लिहिल्यात. अंबरनाथ-२ हैच नहीं." फाइलवरची शेवटच्या बदलाची तारीख पराग जायच्या आधीची. "बग असेल," असं म्हणून त्याने मॉड काढलं आणि नव्याने टाकलं. गेम चालू केला. ओळ तिथेच.

"झूलेलाल!" म्हणाला तो आणि माउसवरचा हात काढून घेतला. "मैं नहीं छूता इसको. तुम्हीपण बंद करा."

मी बंद नाही केलं. भीती वाटायला आधी काहीतरी वाटावं तर लागतं ना? येतेय तर येऊ दे, एवढंच.

मग तो रविवार. साडेदहा वाजले असतील. आई बाहेर डायनिंग टेबलावर वाल सोलत बसली होती, बिरड्यासाठी. मी गाडी कडेला लावून बसले होते, कशालाही हात लावला नव्हता. आणि सायरन सुरू झाला. रस्त्याच्या टोकाकडून एक पांढरी रुग्णवाहिका आली आणि माझ्या गाडीशेजारी थांबली. दार उघडलं नाही, कुणी उतरलं नाही. यादीत ओळ बदलली... 'अंबरनाथ-२. पोचली.' सायरन वाजतच होता.

आणि आई ओरडली नाही.

तेवढ्यासाठी मी उठले. आई टेबलाशी तशीच बसलेली, हातही चालू. पण सोललेले दाणे सालांच्या ताटलीत टाकत होती आणि सालं पातेल्यात. "आई, काय करतेस?" तिने वर पाहिलं. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. बोलायला गेली, शब्द फुटेना.

दोन फोन लावले. तेच दोन नंबर. शेजारच्या सावंतकाकू धावत आल्या, आईला दोघींनी आडवं केलं. बदलापूरवाल्याचा फोन आला, "निघालोय मॅडम, पाच मिनिटं." काकूंच्या कानावर गेलं. म्हणाल्या, "मिळाली ना गं एक? मग त्या दुसऱ्याला नको सांग बाई, उगाच हेलपाटा—"

"पडू दे हेलपाटा!" मी अशी किंचाळले, की काकू दोन पावलं मागे सरल्या. त्यांची मी नंतर माफी मागितली. चूक त्यांची नव्हतीच, मी तेच तर केलं होतं.

अंबरनाथची गाडी आधी आली. बदलापूरची आमच्या दारात पोचली, तेव्हा आई हॉस्पिटलमध्ये होती. वेळेत इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली.

स्ट्रेचर आत सरकवताना अंबरनाथचा ड्रायव्हर इमारतीकडे बघत म्हणाला, "मॅडम, या पत्त्यावर मागे पण आलेलो मी. त्या पिठाच्या गिरणीपाशी होतो, तेव्हा कॅन्सलचा फोन आला." गिरणी आमच्या गेटपासून दिसते. दळण घेऊन मी चालत येते तिथून. पराग आत घामाने भिजून बसला होता आणि गाडी गिरणीपाशी होती.

तिसऱ्या दिवशी आईला सगळं सांगितलं. गॅलरी, फोन, सॉरी, गिरणी. म्हटलं, आता काय शिव्या द्यायच्या त्या दे. ती अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ऐकलं होतं मी... तेव्हाच. तू फोन केला नसतास... तर मीच म्हणणार होते, एकीला नको सांग." एवढे महिने तीही तेच उराशी घेऊन बसली होती आणि मला वाटत होतं फक्त मीच. त्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, मी पहिल्यांदा रडले. नर्सने येऊन दटावलं तरी थांबता येईना.

आता तुम्ही विचाराल, हे होतं काय? मला माहीत नाही. मॉडमधला बग म्हणाल तर म्हणा, मीही तसंच म्हणते. पण फाइलमध्ये नसलेली गाडी कुठून निघाली, आणि त्याच रविवारी, त्याच मिनिटाला का पोचली, याचं रीडिंग माझ्याकडे नाही. सही करायला सांगाल तर मी करणार नाही.

आई घरी आल्यावर पहिल्या रविवारी कॉम्प्युटर चालू केला. यादीत चारच गाड्या. खालची ओळ गेलेली, नकाशावर ठिपका नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. बसले थोडा वेळ. मग सायरनचं बटण एकदा दाबलं.

बाहेरून आवाज आला, जरा तोतरा. "पराग... बंद कर तो भोंगा."

मी बंद केला.