एक महिना कमी

"दुसरं मूल कुठे आहे, डॉक्टर?" परीक्षकांनी विचारलं.

मी पुन्हा पोट चाचपून पाहिलं. समोर खाटेवरच्या बाईला आठवा महिना होता. निदान ती तसं म्हणाली होती. पोट मात्र पार बरगड्यांना टेकलेलं, नववा भरत आल्यासारखं. महिन्यांच्या मानाने पोट मोठं दिसलं की पुस्तक सांगतं, जुळं असेल किंवा पाणी जास्त असेल. मी जुळं म्हणून मोकळी झाले. हाताला डोकं एकच लागत होतं आणि ठोकेही एकाच बाळाचे होते.

"महिने कोणी मोजले?"

"तिनेच सांगितले, सर."

"आणि तुम्ही लिहून घेतले."

डी.जी.ओ. म्हणजे बाळंतपण आणि स्त्रीरोगांचा डिप्लोमा. त्यात लाँग केस असते. एकच पेशंट नीट तपासायची आणि तिची सगळी हकीकत परीक्षकांपुढे मांडायची. त्यात मी नापास झाले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी कल्याणच्या एका प्रसूतिगृहात नोकरीला होते. तिथल्या मुख्य डॉक्टरांनी मार्कशीट पाहिली आणि परत दिली. "मेमध्ये पुन्हा बसा. तेव्हाही राहिलात तर कमिटी या जागेवर डिप्लोमावाला घेईल. मी अडवू शकणार नाही."

आमच्याकडे शहाडच्या यमुनाबाई सुईण म्हणून होत्या. अक्षरओळख नाही, पण हात पक्का. त्यांना परीक्षेतली फजिती सांगितली, तर त्या पदराने तोंड पुसत हसल्या.

"खरा महिना कोन सांगतंय, बाय? नजर लागते. सासू शिकवूनच धाडते, येक महिना कमी सांग."

"मग तुम्हाला खरं कसं कळतं?"

"महिना पुसायचाच नाय. सन पुसायचा. गौरी कोनी आनल्या, सोनं कोनी वाटलं."

तेव्हा पाळीच्या दिवसांत बायका बाहेर बसायच्या. सणाच्या कामाला हात लावायचा नाही. तारीख बाई विसरेल, पण ज्या सणाला कोपऱ्यात बसावं लागलं तो विसरत नाही. माझ्या माहेरीही हेच चालायचं. डॉक्टरचा कोट अंगावर चढला आणि घरचं सगळं मी विसरले. विठ्ठलवाडीपासून येणाऱ्या बायकांच्या केसपेपरवर दोन वर्षं मी सुवाच्य अक्षरात खोट्या तारखा लिहीत होते. 'दिवस अपुरे, बाळ सुदृढ' असा शेराही मारायचे आणि त्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायचे.

मे संपत आला असताना परीक्षा झाली. परीक्षक तेच. लाँग केसला आलेली बाई पहिलटकरीण, आठवा महिना सांगणारी, आणि पोट पुन्हा बरगड्यांना टेकलेलं.

"शेवटची पाळी कधी?"

"दसऱ्याला."

"मग दसऱ्याला सोनं वाटायला गेली नसशील."

"गेले की. सगळ्या आळीत फिरले." बोलून गेल्यावर तिने ओठ चावला.

"मग गौरी कोणी आणल्या?"

तिने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "जाऊबाईंनी. मी बाहेर होते. सासूबाईंना सांगू नका हं."

गौरी दसऱ्याच्या महिनाभर आधी. हिशेब जुळला. परीक्षक आले तेव्हा मी सांगितलं, "नववा महिना, सर. बाळ एकच. वाढ व्यवस्थित."

"पेशंट आठवा सांगते."

"दृष्ट लागू नये म्हणून, सर. दसऱ्याला ती सोनं वाटत होती. बाहेर बसली होती ती गौरीत."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. आमच्या सुईणबाईंनी शिकवलं."

त्यांनी काही तरी लिहिलं आणि मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला. मी पास झाले. नोकरी टिकली. यमुनाबाईंना लुगडं नेलं, तेव्हा त्यांनी आधी त्याचा पोत तपासला.

पुढच्या वर्षी मलाच दिवस गेले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कितवा गं?"

"पाचवा," मी म्हणाले.

सहावा होता.