तीन वर्षांपुढील सर्वांसाठी

माझे वडील कर्जतजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले तरी तपासायची सवय गेली नाही. मे महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मी त्यांच्याकडे राहिले, तेव्हा मोबाईलवर गेम घेण्याआधी ते चष्मा लावून त्याखालचा वयाचा आकडा वाचायचे. बारा, सोळा दिसलं की सरळ नकार. एका गेमखाली तीनचा आकडा होता. फळं जुळवली की पेटी मिळायची, पेटी उघडली की चक्र फिरायचं आणि नशिबात असेल ते बक्षीस. पुन्हा फिरवायचं तर पैसे.

"अण्णा, हा जुगारच झाला की," मी म्हणाले.

"तीन वर्षांच्या लेकराला चालतो असं लिहिलंय. बघूनच लिहिलं असेल ना?"

छापील गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. मीही पुढे बोलले नाही. मुलगी एका जागी शांत बसत होती, ते मला सोयीचं होतं.

जूनमध्ये तिला घेऊन मी श्रीरामपूरला परतले. गेम अण्णांच्या मोबाईलमध्ये राहिला. आई फोनवर सांगायची, "दिसभर ते चाक फिरवत्यात. जेवायला तीनदा हाक मारावी लागती." मला हसू यायचं.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मी नगरच्या दवाखान्यात पोचले, तेव्हा अण्णा बाकावर एकटेच बसले होते.

"तिनं हाक मारली, ती मी ऐकली होती," ते म्हणाले.

"मग?"

"चक्र फिरत होतं. थांबलं की उठू म्हटलं. मग आणखी एकदा फिरवलं."

"किती वेळ, अण्णा?"

"माहीत नाही. शेजारीण विरजण मागायला आली, तिनं दार ढकललं."

मी त्यांच्या शेजारी बसले नाही. उभीच राहिले.

ऑपरेशन झालं, पण आई पुन्हा चालली नाही. भेटायला येणाऱ्यांना ती सांगते, "पाय घसरला. हाक मारायलाबी आवाज फुटंना." ती हे सांगू लागली की अण्णा उठून अंगणात जातात.

एकदा आम्ही दोघीच असताना मी विचारलं, "आई, तू हाक मारली नव्हतीस?"

"लई मारल्या," ती म्हणाली. "पन आता सकाळ-संध्याकाळ मला उचलून बसवायचं त्यांनाच हाय. त्यांना बोलून कसं चालंल?"