जनरल जावई

माझी सोयरीक मामांनी आणली. मुलगा अनसिंगचा, आमच्याच समाजातला, फौजेत. "पोरगा जनरल हाये," मामा ओसरीवर टेकत म्हणाले. नुकतंच युद्ध जिंकलं होतं. जनरल म्हणजे काय, हे मंगरूळपीरात रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याच्या हुकमावर हजारो जवान हलतात. इतक्या कोवळ्या वयात कोणी जनरल होत नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. बैठकीत बाबा मुलाशी बोलले आणि होकार देऊन आले.

मी मॅट्रिक झाले होते. अकोल्याला डी.एड.ला नंबर लागला होता. आधी नोकरी, मग लग्न, असं मी घरात बजावून ठेवलेलं. पण जनरल म्हटल्यावर मीच भुलले. मैत्रिणींना सांगत सुटले. अकोला राहूनच गेलं.

सासरी एका सकाळी शेजारणीनं दारातून हाक मारली, "काय वं जनरलीन, झाला का चहा?"

नवरा बाजेवर बसला होता. "जनरलीन कायले म्हणते ते तुले?"

"तुमी जनरल ना, म्हणून."

तो हसायला लागला, माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. "मी शिपाई हाये. जनरल ड्युटीवाला. म्हंजे पहारा, खंदक, जे सांगतीन ते काम. जनरलले मी एकडाव पाह्यलं, परेडमंदी, लांबून." मग हळूच म्हणाला, "तुया बाबाले मी बैठकीतच समदं सांगतलं होतं."

माहेरी गेले तेव्हा बाबा गोठ्यात कडबा तोडत होते.

"बाबा, तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"अन् मामाले?"

"त्याले अजूनही नाही समजलं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

विळा थांबला नाही. "तू नाही म्हटलं असतं."

मामांचं अज्ञान मी तिथंच माफ केलं. बाबांना सगळं समजत होतं, आणि माझं अकोला सुटताना ते समोर बसून पाहत होते. हे मला आजही गिळता येत नाही.

नवऱ्याशी माझं चांगलं जमलं. तो खोटं बोललाच नव्हता. पुढे नायक झाला, हवालदार झाला. बाबा मात्र बाजारात माझ्यादेखत लोकांना सांगत, "जावई जनरल हाये." मी पिशवी धरून उभी राहायची.

आमची मुलगी शिकायला नागपूरला गेली. ते आम्ही दोघांनीच ठरवलं. ती होस्टेलवर पोचल्यावर बाबांना कळवलं.