सुरकुती नसलेल्या खाटा

बेंगळुरूच्या छावणीत शिकाऊ मुलींच्या बराकीला लागून आमचा दवाखाना होता आणि मी तिथे नर्स होते. एका डिसेंबरात रोज चार-पाच जणी खोकत यायला लागल्या. शेवटी मी सकाळी उठायच्या घंटेआधी बराकीत गेले. तीस खाटा कडक चादरी घालून सजलेल्या, आणि तीस मुली खाली सिमेंटवर, तिथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या चटयांवर झोपलेल्या.

"खाटांना काय काटे आहेत?"

"अक्का, चादर चुरगळली की अख्ख्या बराकीला शिक्षा," बेळगावची एक म्हणाली. ती तापाने फणफणली होती. आठ दिवस परेड बुडाली की मागच्या तुकडीत ढकलतात, म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी बराकीच्या तपासणीला छावणीचे साहेब फूटपट्टी घेऊन आले. चादरीची दुमड मोजून खूश झाले. "एक सुरकुती नाही!"

"कशी असेल, साहेब? त्यावर कुणी झोपतच नाही. जमिनीवर झोपतात, म्हणून खोकतात."

साहेबांनी गंभीरपणे ऐकलं आणि दुपारी तीसही चटया जप्त केल्या. चादरीचा नियम तसाच राहिला. एवढी अक्कल चालवायला त्यांना अर्धा दिवस लागला.

मी त्या मुलीला दवाखान्यातल्या खाटेवर झोपवलं. सहाव्या दिवशी ती परेडला उभी राहिली. त्याच सकाळी दवाखान्याच्या तपासणीच्या वहीत साहेबांचा शेरा पडला: चादर अव्यवस्थित. मी खाली सही केली आणि पुढच्या खोकणारीला त्याच खाटेवर घेतलं.