गप्प बसलेल्यांचे उपकार

चिठ्ठीताईंना तुम्ही ओळखत नाही, यात तुमची काही चूक नाही. विधानसभेत बोलणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. काय बोलायचं ते टाइप करून देणाऱ्यांचे येत नाहीत. ताई बावीस वर्षं एकाच आमदारांच्या कचेरीत होत्या. आमदार मूळचे शाळामास्तर, गणिताचे. पाच वेळा निवडून आले तरी सगळे त्यांना सरच म्हणत. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला लगाम नाही. सभागृहात प्रश्न कोणाचाही असो, सर उभे राहणार, आणि उभे राहिले की फळ्यावर गणित सोडवावं तसे पायरीपायरीने बोलणार. मग ताई दारावरच्या शिपायाच्या हाती आत चिठ्ठी पाठवायच्या. चिठ्ठीवर एकच शब्द, 'बसा'. नाव पडलं ते त्यावरून.

ताईंचं काम दिसायला साधं होतं. गावातल्या कचेरीच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत सर, आणि मधल्या दारापाशी ताईंचं टेबल. त्यांना ओलांडल्याशिवाय कोणी आत जाऊ शकत नसे. लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे. नळाला पाणी नाही, शाळेचं छत गळतं, बस थांब्यावर थांबतच नाही. आलेला माणूस आधी पंधरा मिनिटं सरकारच्या नावाने बोटं मोडायचा. ताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, मंत्र्यांनी नेमकं काय कबूल करायला हवं? माणूस डोकं खाजवायचा, जरा थांबायचा आणि शेवटी एक धड वाक्य बोलायचा. ते वाक्य ताई टाइप करायच्या. झाला प्रश्न. प्रश्नात टोमणे चालत नाहीत, नाहीतर विधानसभेतून कागद परत येतो. बावीस वर्षांत ताईंचा एकही कागद परत आला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा.

त्यांचा स्वतःचा एक नियम मात्र कुठे लिहिलेला नव्हता. घरचं काम कचेरीत आणायचं नाही. मेलं तरी नाही.

आणि घरी तर दादा. ताईंपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, तेव्हा यानेच शिक्षण सोडून चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली आणि बहिणीला टायपिंगच्या क्लासला घातलं. पुढे स्वतःचं छोटं दुकान काढलं. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते विचारायची गावात कोणाची छाती नव्हती. आता दादाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, त्याला डायालिसिससाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागे. जाताना अडीच तास, येताना अडीच, मध्ये नंबराची वाट आणि चार तास यंत्राला जोडलेला. पहाटे अंधारात निघालेला माणूस संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखा घरी यायचा. दुसरा दिवस झोपण्यात जायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडी.

संताप येतो तो पुढचं ऐकून. त्यांच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात डायालिसिसची चार नवी यंत्रं येऊन पडली होती. चौदा महिने झाले होते, वरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. त्यांना लागणारं पाणी शुद्ध करायची व्यवस्था बसवलेली नव्हती, आणि ती यंत्रं चालवणाऱ्या तंत्रज्ञाची नेमणूक झालेली नव्हती. एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं. ताईंच्या घरापासून तो दवाखाना चालत बारा मिनिटांवर होता. म्हणजे दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते इथे सरकारी कर्मच होतं.

एका रविवारी दादा शांतपणे म्हणाला, "मी शनिवारची फेरी सोडणार आहे. दोनदा जाईन, बस."

दोनदा म्हणजे काय, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. ताईंनी आरडाओरडा केला नाही. रडूनही उपयोग नव्हता, दादा एकदा ठरवलं की ऐकणाऱ्यांतला नव्हे. कसंबसं त्याच्याकडून अधिवेशन संपेपर्यंतच्या शनिवारांचं वचन तेवढं घेतलं.

त्याच आठवड्यात जीपमध्ये दादाच्या सोबत जाणारे अकरा रुग्ण कचेरीत अर्ज घेऊन आले. ताईंनी तो सरांपुढे ठेवला. सरांनी सह्या मोजल्या, गणिताचे मास्तर ते, आणि चष्म्यावरून पाहिलं.

"जीपमध्ये बाराजण जातात ना, ताई? तुमच्या दादांची सही कुठाय?"

ताईंनी मान खाली घातली. दादानेच सही केली नव्हती. बहिणीने भावासाठी प्रश्न लावला, असं कोणी म्हणायला नको. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि सरांच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. मग म्हणाले, अकरा माणसांचा प्रश्न लिहायला तुमच्या नियमाची हरकत आहे का? नाही ना? मग लिहा.

ताईंनी लिहिला. पण प्रश्न देऊन भागत नाही. अधिवेशनासाठी कचेरी राजधानीत हलली, आणि कोणता प्रश्न कितवा येणार याची सोडत निघाली. यांचा नववा निघाला. प्रश्नोत्तरांना एकच तास. एकेका प्रश्नावर बाकीचे सभासद उपप्रश्न विचारत बसतात, त्यामुळे सहाव्यापुढे गाडी क्वचितच सरकते. उरलेल्या प्रश्नांना छापील उत्तर मिळतं, आणि छापील उत्तर कसं असतं ते ताईंना पाठ होतं. मागच्या वर्षी याच यंत्रांबद्दल आलं होतं, 'बाब विचाराधीन आहे.' मंत्र्यांनी सभागृहात तोंडाने तारीख सांगितली तर गोष्ट वेगळी. ते आश्वासन नोंदलं जातं आणि पाळलं नाही तर जाब द्यावा लागतो.

आमदारांचे मदतनीस दुपारी डबे खातात त्या खोलीत ताई गेल्या. तिथे पक्षबिक्ष काही नसतो. भांडणं वरच्या मजल्यावर, खाली सगळे एका टेबलाशी. ताईंनी डबा उघडलाच नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं. म्हणाल्या, उद्याच्या पहिल्या आठ प्रश्नांवर तुमच्या साहेबांनी जमेल तितकं गप्प बसावं, माझा नववा प्रश्न यायला हवा. आणि मग, आवाज जरा फुटला तरी, खरं तेही सांगून टाकलं, की त्या जीपमध्ये माझा भाऊ आहे.

विरोधी पक्षाच्या एका दांडग्या आमदाराचा कारकून होता, तोंडाने फटकळ. मागे त्याची बायको दवाखान्यात होती तेव्हा महिनाभर त्याचे कागद ताईंनी गुपचूप टाइप करून दिले होते. तो पोळीचा घास गिळून म्हणाला, "आमच्या साहेबांचं मी बघतो. पण ताई, या सभागृहातला सगळ्यात मोठा वेळखाऊ कोण? आधी तुमच्या सरांचं तोंड बंद करा."

खोली हसली, आणि त्या हसण्यातच एकेक जण मान डोलवत गेला. ताईही हसल्या. पण बोलला होता तो शंभर टक्के खरं.

संध्याकाळी ताईंनी सरांना हे तोंडावर सांगितलं. सर दुखावले. कोणाच्याही प्रश्नावर मी लोकांच्याच हिताचं बोलतो, म्हणाले. ताई म्हणाल्या, बोलता हो, पण त्यात कोणाचा तरी नववा प्रश्न मरतो. सरांचा चेहरा पडला. मग हळूच विचारलं, "हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं का नाही?"

"सर, चिठ्ठ्या काय मी हौसेने पाठवत होते?"

दुसऱ्या दिवशी ताई प्रेक्षकांच्या सज्जात बसल्या. समोर मोठं घड्याळ. पहिला प्रश्न रस्त्यांचा, ज्यावर एरवी अर्धा तास खडाजंगी व्हायची. दोघे बोलले, तिसरा उठला नाही. मंत्री उपप्रश्नांसाठी जाडजूड फाइल घेऊन सज्ज होते. ते उभेच राहिले, इकडेतिकडे बघत. दुसरा प्रश्न गेला, तिसरा गेला. विरोधी बाकावरचा तो दांडगा आमदार दोनदा उठायला झाला आणि दोनदा हाताची घडी घालून बसला. अध्यक्षांनासुद्धा काहीतरी चुकल्यासारखं वाटत असावं. सातव्या प्रश्नावर घोटाळा झाला. एक नवखे आमदार, ज्यांच्या मदतनिसाला डब्याच्या खोलीचा अजून पत्ताच नव्हता, ते उठले आणि नऊ मिनिटं बोलले. ताईंनी बाकाची कड घट्ट धरली. आठवा प्रश्न निघाला तो नेमका शाळांतल्या गणित शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा. आली का पंचाईत. सर अर्धे उठले. सरांनी दोन्ही हातांनी समोरचं मेज धरलं, आणि बसले. आयुष्यात त्यांनी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट ती असेल.

नववा प्रश्न पुकारला तेव्हा तीन मिनिटं उरली होती. आरोग्यमंत्री म्हणाले, कार्यवाही प्रगतिपथावर आहे. सर उभे राहिले.

"तारीख सांगा."

मंत्री म्हणाले, लवकरच. सर पुन्हा उभे राहिले, पुन्हा तेच दोन शब्द बोलले आणि बसले. मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांकडे पाहिलं, तिकडून एक कागद आला, आणि तो वाचून त्यांनी पुढच्या महिन्याची पंधरा तारीख सांगितली. लगेच घंटा झाली.

ताई खाली डब्याच्या खोलीत गेल्या. कोणी काही केलं तर आभार मानता येतात. न बोलल्याबद्दल कसे मानायचे? त्या नुसत्या हात जोडून दारात उभ्या राहिल्या आणि डोळे वाहू लागले. फटकळ कारकून म्हणाला, बसा आता, जेवा, कालचाही डबा तसाच नेलात.

पंधरा तारीख चुकलीच, सरकार ते. पण चोवीसला यंत्रं सुरू झाली. मंगळवारी सकाळी दादा आणि ताई चालत दवाखान्यात गेले. नवी तंत्रज्ञ मुलगी हसतमुख होती, तिने दादाला खिडकीजवळची खुर्ची दिली. चार तास ताई बाजूला बसून होत्या. अधिवेशन संपल्यापासून त्यांनी दादाला पुढच्या शनिवारांबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. दिलेलं वचन संपलं होतं, आणि नवं मागायची हिंमत होत नव्हती.

नळ्या काढून झाल्यावर मुलीने हाताला पट्टी बांधली आणि पुढची वेळ लिहायला वही ओढली. गुरुवारी साडेसात, म्हणाली. दादा बाही खाली करत होता.

"गुरुवार लिही," तो म्हणाला, "आणि शनिवारपण आत्ताच लिहून टाक बाळ. खिडकीजवळचीच खुर्ची दे."